टप्प्यांचा तक्ता आणि घरातली माणसं

प्रश्न विचारणाऱ्या बाई शिक्षिका आहेत. बीएडला आणि टीईटीला त्यांनी पियाजे, एरिक्सन, कोहलबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेले वाढीचे टप्पे पाठ केले, गुणही चांगले मिळाले. आता घरात बघतात तर काहीच जुळत नाही. चार वर्षांची मुलगी हल्ली सर्रास खोटं बोलते. धाकटा भाऊ २९ वर्षांचा, पदवीनंतर पुण्यात राहून एमपीएससी करतोय. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि तेव्हापासून चिडचिडे झाले आहेत. आजी ८३ वर्षांची. एकटी असली की जुनं उगाळते, चारचौघांत गप्प बसते. बाई लिहितात, तक्त्याप्रमाणे भाऊ दहा वर्षं मागे पडला, वडिलांनी समाधानी असायला हवं आणि आजीला तर ‘जीवनसंपूर्णता’, म्हणजे जगून झालेल्या आयुष्याचं समाधान, यायला हवी. मग हे टप्पे खरे असतात की फक्त परीक्षेपुरते?

बाई, टप्पे खरे आहेत. वयाचा रकाना तेवढा पेन्सिलीने लिहा. तक्त्यात दोन रकाने असतात, एकात वय आणि दुसऱ्यात त्या वयाचा प्रश्न. परीक्षेत वयावर गुण मिळतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या बाबतीत उपयोगाला येतो तो दुसरा रकाना.

हा तक्ता एरिक एरिक्सनने १९५० साली मांडला. तो १९०२ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मला. जन्मदाते वडील कोण हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे आडनाव लावून तो वाढला, आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनाव त्याने स्वतःच धारण केलं. विद्यापीठाची पदवी त्याने कधी घेतलीच नाही. पंचविशीपर्यंत तो चित्रं काढत युरोपभर भटकत होता. मग एका मित्राने व्हिएन्नाला बोलावलं आणि तिथे ॲना फ्रॉइडच्या हाताखाली मनोविश्लेषण शिकला. ‘मी कोण’ हा प्रश्न त्याने पौगंडावस्थेच्या मध्यभागी का ठेवला असेल ते आता निराळं सांगायला नको. आणि भावाला तक्ता लावताना एवढं लक्षात असू द्या की तक्ता करणाऱ्यालाच तो वेळेवर लागू झाला नव्हता.

गाइडांनी या माणसावर दोन अन्याय केले. पहिला म्हणजे प्रत्येक टप्प्याची पास-नापास परीक्षा करून टाकली. एरिक्सनचं म्हणणं असं की आठही प्रश्न जन्मापासून थोडेथोडे हजर असतात. वयानुसार त्यांतला एकेक पुढे येतो, बाकीचे मागे सरकतात, पण संपत कुणीच नाही. दुसरा अन्याय ‘विरुद्ध’ या शब्दाचा. ‘विश्वास विरुद्ध अविश्वास’ म्हटलं की विश्वासाने जिंकायचं आणि अविश्वासाने घरी जायचं असं मुलं लिहितात. ज्याच्यात जराही अविश्वास नाही तो माणूस फोनवर आलेल्या पहिल्याच ठगाला ओटीपी सांगून मोकळा होईल. दोन्ही लागतात, पारडं पहिल्या बाजूला झुकलेलं असावं, इतकंच.

आता घरातली माणसं घेऊ. मुलीचं पटकन आटोपते, कारण तिथे काळजीचं काही दिसत नाही.

एक गंमत करून बघा. तिच्यादेखत एका डब्यात चॉकलेट ठेवा. बाबा खोलीबाहेर गेले की ते दुसऱ्या डब्यात हलवा आणि विचारा, ‘बाबा आल्यावर आधी कुठला डबा उघडतील?’ तीन वर्षांची मुलं बहुधा चॉकलेट आता जिथे आहे तो डबा दाखवतात. जे आपल्याला माहीत ते सगळ्यांना माहीत, असा त्यांचा हिशोब. चार-पाचच्या सुमारास उत्तर बदलतं: ‘बाबा पहिलाच उघडतील, त्यांना कुठं माहितीये!’ १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या दोघांनी हा प्रयोग पहिल्यांदा असा नेटका करून दाखवला. खोटं बोलायला नेमकी हीच अक्कल लागते. आईच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं, हे उमगल्याशिवाय आईला फसवता येत नाही. तेव्हा मुलगी बिघडली नाही, ती वेळेवर चालली आहे. खोटं पकडलंत तर ‘दूध सांडलं ना, चल पुसू’ म्हणा आणि पुढे जा. ‘खरं सांग, तू सांडलंस का?’ अशी उलटतपासणी घेतली की पुढचं खोटं आपणच शिकवतो.

पियाजेच्या टप्प्यांनाही पेन्सिलच लावा. बुटक्या फुलपात्रातलं पाणी उंच ग्लासात ओतलं की ‘जास्त झालं’ म्हणणारी मुलं तुम्ही वर्गात पाहिली असतील. सात वर्षांखालच्या मुलांना परिमाण कायम राहतं हे कळत नाही, असं पियाजे म्हणाला. पण सत्तरच्या दशकात एडिनबर्गला मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हाच प्रकार जरा फिरवून पाहिला. दोन ओळींत सारख्या सोंगट्या मांडल्या. त्यातली एक ओळ मोठ्या माणसाने नव्हे, तर एका ‘खट्याळ’ टेडी अस्वलाने विस्कटली. मग खूपच जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला तर मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं असणार. हे तुमच्या वर्गात रोज घडतं. ‘नक्की?’ म्हणून पाहा, निम्मे हात खाली येतात.

बालपणाबद्दल आणखी एक, कारण ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे वाक्य पालकसभांत फार ऐकू येतं. हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, बाळंतपणातल्या अडचणी, घरातली भांडणं, आई-वडिलांचे आजार अशी अनेक ओझी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्यापैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली धड, मायाळू, कामाची माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा एक गोष्ट सापडली: आई-वडील असोत नसोत, मागे भक्कम उभं असलेलं एखादं मोठं माणूस. आजी, मावशी, शेजारीण, पुष्कळदा शिक्षक. तुमच्या वर्गात पन्नास पोरं असतील तर हे वाचून थोडं दडपण येईल. यायला हरकत नाही.

आता भाऊ. तुमच्या प्रश्नाचा खरा जीव त्याच्यात आहे असं मला वाटतं.

१९६६ मध्ये जेम्स मार्शिया याने एरिक्सनचा पाचवा, ‘मी कोण’चा टप्पा उलगडून पाहिला. तरुण माणसाला त्याने दोन गोष्टी विचारल्या: तू वेगवेगळ्या वाटा चाचपून पाहिल्यास का? आणि कुठल्या एका वाटेला बांधून घेतलंयस का? त्यातून चार परिस्थिती निघतात. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ती भरकट. शोध चालू आहे पण बांधिलकी अजून नाही, तो शोधकाळ. शोधून मग बांधून घेतलं, ती कमावलेली ओळख. आणि शोध न घेताच बांधून घेतलं, ती आयती ओळख. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर, कारण दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

पुण्यातल्या पेठांमध्ये अभ्यासिकेच्या खुर्चीवर सहा-सात वर्षं काढलेली मुलं माझ्याकडे येतात. लोकांना वाटतं, आणि त्यांनाही वाटतं, की ते शोधकाळात आहेत. वय वाढतंय, नोकरी नाही, लग्न नाही, म्हणजे ‘अजून ठरायचंय’. नीट बोललं की वेगळंच निघतं. त्यांचं फार लवकर ठरलेलं असतं. विसाव्या-एकविसाव्या वर्षी, बऱ्याचदा गावातल्या कुणाच्या तरी निकालाची मिरवणूक बघून, किंवा वडिलांच्या तोंडून ‘साहेब’ हा शब्द ऐकत. म्हणजे ओळख आयतीच, फक्त ती हातात पडायची राहिली आहे. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, संध्याकाळी चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा, रात्री पुन्हा अभ्यासिका. यात शोध कुठेच नाही, वाट बघणं आहे. शिवाय वयोमर्यादा खुल्या गटाला साधारण ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३, त्यामुळे वाट किती बघायची हेही शासन ठरवणार.

मी अशा मुलांना एक प्रश्न विचारते. समज, उद्या सकाळी जाहिरात आली की परीक्षाच कायमची रद्द. पहिल्या मिनिटाला काय वाटेल? बरेच जण आधी आयोगाला शिव्या घालतात. मग थांबतात. मग खाली बघत कुणीतरी म्हणतं, ‘सुटलो असं वाटेल, मॅडम.’ आणि स्वतःच दचकतं. तिथून काम सुरू होतं. काहींचं उत्तर वेगळं असतं: ‘मग केंद्राची देईन, बँकेची देईन, पण प्रशासनातच जाईन.’ त्यांनी प्रशासन खरंच बघितलेलं असतं, तलाठी कार्यालयात काम कसं चालतं हे त्यांना ठाऊक असतं, आपल्याला तिथे काय करायचंय ते सांगता येतं. वय २९ असलं तरी हा दुसरा मुलगा मागे पडलेला नाही. पहिला एकविसाव्या वर्षी जिथे होता तिथेच आहे, मग त्याला उद्या पोस्ट मिळाली तरी. पोस्ट मिळाल्यावर दोन वर्षांनी ‘हे मला कधी हवंच नव्हतं’ म्हणत येणारेही असतात.

तक्त्यातलं वय भावाला का लागू होत नाही याला एक साधं कारण आहे. एरिक्सन अमेरिकेत लिहीत होता तेव्हा तिथली मुलं विशीच्या आसपास कमावती आणि लग्न झालेली असत. पुढे तिथेही शिक्षण लांबलं, लग्नं लांबली, आणि २००० साली जेफ्री आर्नेटने १८ ते २५ हा वेगळाच उंबरठ्यावरचा टप्पा मांडला. आमच्याकडे तो तिशीपर्यंत ताणला गेलाय. पण तो सगळ्यांना परवडतो असंही नाही. ज्या मुलाला बारावीनंतर एमआयडीसीत लागावं लागतं, त्याला शोधकाळाची सुट्टी कुणी देत नाही.

आता वडील. एरिक्सनचा सातवा टप्पा: पुढच्या पिढीसाठी काही उभं करणं, नाहीतर साचून राहणं. त्याचं म्हणणं होतं की पिढ्यांचे टप्पे दातेरी चाकांसारखे एकमेकांत अडकलेले असतात. मुलाला मोठ्यांची गरज असते तशी मोठ्यांना मुलाची गरज असते. तक्त्यात हे दिसत नाही, कारण तिथे एका वेळी एकच माणूस असतो. तुमच्या घरात बघा. वडिलांचा प्रश्न आहे, ‘मी काय उभं केलं?’ भावाचा प्रश्न आहे, ‘मी कोण?’ वडील आपल्या प्रश्नाचं उत्तर भावाच्या निकालात शोधताहेत, आणि भाऊ आपल्या प्रश्नाचं उत्तर वडिलांच्या चेहऱ्यावर. निवृत्तीपर्यंत वडिलांकडे दुसरं उत्तर होतं, वर्गभर पोरं. ते ३१ मे किंवा जी काही तारीख असेल तेव्हा एका दिवसात बंद झालं, आणि सगळा भार एका मुलावर आला. चिडचिडीचं मूळ मी तिथे शोधेन.

बाप-लेक एकत्र येतात तेव्हा मी पहिली दहा मिनिटं फक्त बघते. फाईल कुणाच्या हातात आहे? बहुतेक वेळा वडिलांच्या. प्रिलिमचे गुण कोण सांगतं? वडील, दशांशासकट. ‘किती झोपतोस?’ हे मुलाला विचारलं तरी उत्तर वडीलच देतात. यात दुष्टपणा कुठेच नसतो.

एरिक्सनने या टप्प्याचा अभ्यास करायला माणूस निवडला तो गांधी. १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप, गांधी तेव्हा ४८ वर्षांचे. त्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाला १९७० साली पुलित्झर मिळालं. पण त्याच पुस्तकात लिहिता लिहिता तो थांबतो आणि थेट गांधींना उद्देशून पत्र लिहितो: जगासाठी अहिंसा, आणि घरच्या माणसांशी मात्र इतके कठोर का? थोरल्या हरिलालला बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं होतं, बापाने पाठवलं नाही. पुढे त्या मुलाचं काय झालं ते आपण जाणतोच. हजारोंना घडवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या पोराशी पेच असू शकतो. हाडाच्या शिक्षकांच्या घरी हे मी बऱ्याचदा पाहते.

‘साठी बुद्धी नाठी’ हे मात्र वडिलांना कुणी ऐकवू देऊ नका. सिएटलमध्ये वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून त्याच त्याच माणसांची बुद्धी दर सात वर्षांनी मोजली. वेग आधीपासून उतरायला लागतो हे खरं, पण शब्दसंपत्ती आणि भाषेची समज साठीतही चांगली टिकून असते. शिकवण्याला लागतं ते सगळं त्यांच्याकडे शाबूत आहे. वेगाची स्पर्धा नसलेलं काम हवं: गावातल्या वाचनालयात मुलांचा तास, नवोदयची तयारी, काहीही. मुलाच्या निकालाशी ज्याचा संबंध नाही असं काहीतरी.

इथे कुणीतरी म्हणेल, आमच्या आश्रमव्यवस्थेत हे सगळं आधीच होतं. एरिक्सनला स्वतःलाच त्यात रस होता, आणि त्याचे सहायक राहिलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये दोन्हींची सांगड घालून दाखवली. पण आश्रम ‘कसं असावं’ ते सांगतात, आणि तेही त्रैवर्णिक पुरुषांना. मला व्यवहारात उष्टावण, बोरन्हाण, मुंज, साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन ही माळ जास्त कामाची वाटते, कारण तिथे टप्पा ओलांडताना भोवती माणसं जमतात. निवृत्तीला आपण शाल-श्रीफळ देतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाचं काय होतं ते विचारत नाही.

बाई, तुम्ही चौघांबद्दल लिहिलंत, स्वतःबद्दल एक ओळ नाही. चार वर्षांची मुलगी म्हणजे तुम्ही तिशीच्या आत-बाहेर असाल. प्रौढ वयाचं म्हणून जे संशोधन गाजलं, त्यात लेव्हिन्सनने १९७८ मध्ये मांडलेले टप्पे ४० जणांच्या मुलाखतींवर उभे होते आणि ते चाळीसही पुरुष. एरिक्सनच्या क्रमात आधी ओळख, मग जवळीक. कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये दाखवलं की बायकांच्या आयुष्यात हा क्रम असा सुटा नसतो. आपल्याकडे तर लग्न आधी होतं, आडनाव बदलतं, आणि ‘मी कोण’ हा प्रश्न पोर शाळेत जायला लागल्यावर मागच्या दाराने येतो. पुढे चाळिशीत तो आला की त्याला ‘मिडलाइफ क्रायसिस’ म्हणून हसण्यावारी नेतात. हा शब्द एलियट जॅक्सने १९६५ मध्ये काढला. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत असा काही पेच आल्याचं साधारण चौथ्या हिश्शाच्याच लोकांनी सांगितलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत कारण वय नव्हतं. नोकरी गेली होती, घटस्फोट झाला होता, कुणी आजारी होतं. तुमचा प्रश्न तुम्ही वेगळा लिहून पाठवा, त्याला वेगळं उत्तर देईन.

राहिली आजी. जुनं उगाळणं हे म्हातारपणाचं कामच आहे, असं अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलरने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय. माणूस मागची गोष्ट पुन्हापुन्हा सांगतो, कारण तिचा हिशोब लागलेला नसतो. तेव्हा ‘हे तू दहादा सांगितलंस’ म्हणण्याऐवजी गोष्टीतलं न सांगितलेलं विचारा. ‘मग तुझ्या आईने काय केलं?’ ‘तू तेव्हा किती वर्षांची होतीस?’ गोष्ट हलते, कधीकधी शेवटही बदलतो. तक्त्यातल्या आठव्या टप्प्याचं समाधान काही मोक्षासारखं एकदाच मिळत नाही. एरिक्सनची बायको जोन नव्वदी ओलांडल्यावर तर म्हणाली की आठ टप्पे पुरत नाहीत. १९९७ मध्ये तिने नववा जोडला: अतिवृद्धपणी आधीचे सगळे प्रश्न परततात, आणि या वेळी वजन नकोशा बाजूला असतं. दोन वर्षांच्या मुलाला शी-शूवर ताबा मिळतो तेव्हा स्वायत्तता येते, नाही मिळाला तर लाज. ८३ व्या वर्षी मोरीपर्यंत हात धरून न्यावं लागलं की तीच लाज परत. म्हणून आजीला कोणतं लुगडं नेसायचं, चहा कधी घ्यायचा, दार लोटायचं की लावायचं, हे तिलाच ठरवू द्या.

नव्या माणसांत तिला रस नसेल तर तेही आजारपण नव्हे. हाती वेळ थोडा उरला की माणसं मोजक्या जवळच्यांना धरून राहतात, असं लॉरा कार्स्टेन्सनच्या संशोधनात दिसतं. पण जुनं लख्ख आठवतंय आणि सकाळी जेवलो की नाही ते आठवत नाही, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते, पैशांचा हिशोब जमेनासा झालाय, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याला टप्पा म्हणून सोडून देऊ नका. तेच भावाच्या बाबतीत: झोप उडाली, जेवण सुटलं, ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा आली, तर निकालापर्यंत थांबायचं नाही. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस हेल्पलाइन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

बाप-लेकांना एकदा समोरासमोर बसवा, निकालाच्या आठवड्यात नको, एरवी कधीतरी. भावाने स्वतः तारीख ठरवावी: अमुक प्रयत्नापर्यंत हे, आणि त्याच काळात दुसरं एक काम, महिन्याला थोडे का होईना पैसे देणारं. वडिलांनी त्या बैठकीत फक्त ऐकायचं. त्यांना जमणार नाही, म्हणून तुम्ही शेजारी बसा.

आणि आजी एकटी असताना बोलते पण चारचौघांत गप्प बसते, हे तुम्ही ओघात लिहिलंय. ते वाचून मला मनाच्या आधी कान आठवले. सगळे एकदम बोलायला लागले की कमी ऐकू येणारं माणूस असंच बाजूला होतं, आणि घरचे त्याला उदास समजतात. कानाच्या डॉक्टरांकडून तपासणी या महिन्यातच करून घ्या, बाकीचं नंतर बघू.